साबणाची उकड

“किसणीवर साबण किसणारी सून मी आज पहिल्यांदा बघतोय,” अण्णा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. “आता त्याच किसणीवर मी आलं किसू, का दाढी करू?”

“घासून देते, अण्णा. तीनदा घासून देते.”

“दे. आणि आवर जरा. आज ओटा मला लागणार आहे.”

तो रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मला नोकरीवर हजर व्हायचं होतं. गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. आम्ही तेव्हा मिरजेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. हेमंत, माझा नवरा, चाकणला कारखान्यात होता आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. तो रविवार नेमका त्याच्या येण्याचा नव्हता. घरात मी, माझे सासरे अण्णा आणि पाच वर्षांची मुक्ता. नोकरी सरकारी होती, चाळीस किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात औषधं देण्याची. सकाळी सातची एसटी, घरी परतायला साडेसहा. डी.फार्म. होऊन तेरा वर्षं मी दुसऱ्यांच्या औषधांच्या दुकानांत उभी राहिले होते. वयाची अट संपायला चार महिने उरले आणि ते पत्र आलं. हजर व्हायची शेवटची तारीख सोमवार. मी नाही गेले, तर यादीतला पुढचा माणूस पाय धुऊन तयार होता.

आणि या सगळ्याच्या आड काय यावं, तर साबण.

दोन महिन्यांपूर्वी मुक्ताच्या डोळ्यांत साबण गेला होता. तेव्हापासून वडी नुसती दिसली तरी ती असा टाहो फोडायची, की शेजारच्या बिडकरकाकू दार वाजवून विचारायच्या, “कोण पडलं का गं?” रोज सकाळी आमची ओलीचिंब कुस्ती चालायची. सोमवारपासून हा आखाडा अण्णांकडे जाणार होता. सत्तरीतला माणूस, ओली फरशी आणि हातपाय झाडणारी नात. हेमंत फोनवर म्हणालाच होता, “तुम्ही दोघं मिळून एका आंघोळीला पुरे पडत नाही, आणि अण्णा एकटे तिला दिवसभर सांभाळणार? सुनीती, तू विचार केलायस ना?” तो नाही म्हणत नव्हता. काही बिघडलं की ‘मी म्हणालो नव्हतो का’ म्हणायची तयारी मात्र करून ठेवत होता, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची.

दुकानात येणाऱ्या एका बालवाडीच्या बाईंनी तोडगा सांगितला. “साबण मळून द्या तिला, कणकेसारखा. पोरं त्याचा मासा करतात, हत्ती करतात आणि आपल्या हातानं अंगाला लावतात. स्वतः केलेल्या माशाला कोण भितं?” मी शुक्रवारी केला, तो पिठल्यासारखा पळीवाढा झाला. शनिवारी केला, त्याचा भुगा झाला. दोन्ही वेळा अण्णा ओट्यापाशी येऊन बघून गेले आणि न बोलता हसले. रविवारी तिसरी खेप.

लहान मुलांच्या साबणाच्या दोन वड्या किसल्या, थोड्या गरम पाण्यात विरघळवल्या, त्यात ग्लिसरीन आणि चमचाभर खोबरेल घातलं आणि मग मुठीमुठीनं कॉर्नफ्लावर घालत मळत गेले. मळता मळता मन पुढे पळत होतं. एसटी चुकली तर? शाळेची रिक्षा आली नाही तर? मी अण्णांसाठी यादी करून भिंतीला चिकटवली होती. रिक्षावाल्याचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, डबा कधी, झोप कधी, तापाचं औषध किती. सकाळपासून त्या यादीत चारदा काहीतरी वाढवून झालं होतं. स्वयंपाकघराबद्दल तिच्यात एक ओळ नव्हती. तिथं अण्णांना काय सांगणार?

मिरजेत अण्णांना भालूआचारी म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी लग्नामुंजींच्या पंगती उठवल्या होत्या आणि त्यांचं नाव होतं ते नाकासाठी. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाआधी जिभेला लागलं की ते उष्टं. म्हणून जुने आचारी नाकावर चालायचे. पाचशे पानांच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे भालूआचारी वाफेवरून सांगतात, असं लोक म्हणायचे. अण्णाही लोकांना म्हणू द्यायचे. म्हातारपणी मोठ्या चुली सुटल्या आणि ते आमच्या दोन शेगड्यांवर आले. माझ्या सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली होती. मी दुकानात जायचे, ते रांधायचे. आमच्या घरात सून अन्नाला नावं ठेवायची आणि सासरा ऐकून घ्यायचा, असं बिडकरकाकू गमतीनं सांगत फिरायच्या.

“आज एकवीस मोदक,” अण्णा म्हणाले. “तुझ्या नोकरीचे. बाराच्या आत नैवेद्य दाखवतो.”

त्यांचं सारण झालं होतं. उकडही त्यांनी काढून, मळून परातीत ठेवली होती, वर ओला पंचा घालून. परात ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात. अण्णा आंघोळीला गेले. आंघोळ करून, सोवळं नेसून ते देवापाशी बसले, तोवर माझा साबण जमून आला. मऊ, पांढरा, हाताला न चिकटणारा. इतक्या दिवसांनी काहीतरी मनासारखं झालं होतं. रंग संध्याकाळी घालू म्हटलं. त्यातला एक लिंबाएवढा गोळा काढून हळद लावून पिवळा केला आणि मुक्ताला हाक मारली.

ती आली ती सरळ अण्णांच्या परातीकडे. पंचा उचलून उकडीत बोट घालणार, तेवढ्यात मी हात धरला. “नैवेद्याचं आहे ते.” हिचा काय नेम, म्हणून मी ती परात उचलून फ्रिजवर ठेवली, तिचा हात पोचणार नाही अशी. ओट्याचा कोपरा रिकामा झाला. साबण वाळू नये म्हणून त्यावर मी दुसऱ्या पंच्याचा ओला तुकडा घातला आणि साबणाची परात त्या कोपऱ्यात सरकवली. अण्णांना सांगायला हवं होतं. पण ते अथर्वशीर्षात होते, आणि मुक्ता पिवळा गोळा घेऊन न्हाणीघराकडे निघालीच होती.

न्हाणीघरात तिनं आधी मासा केला. मग माशाचं बदक केलं. बदक पाण्यात बुडवलं, त्याला फेस आला, आणि मी श्वास रोखून बघत राहिले. तिनं फेस बोटानं उचलला, वास घेतला आणि दंडाला लावला.

“आई, बदक मला आंघोळ घालतंय.”

“घालू दे.”

पाय झाले, पोट झालं, मानसुद्धा झाली. रडणं नाही, कुस्ती नाही. पोरगी अर्धा तास पाण्यातून उठेना. मी ओल्या भिंतीला पाठ टेकून बसले आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, जमलं. उद्या मी जाणार. हेमंतला काय काय सुनवायचं तेही मी ठरवून टाकलं.

तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणली, तर साबणाचा वास आमच्याबरोबर बाहेर आला. पुढे जावं तसा वाढतच गेला. स्वयंपाकघराच्या दारात तर तो नाकात भरला, कढत आणि गोडसर, एखाद्यानं धोब्याची भट्टी लावावी तसा.

अण्णा सोवळ्यात गॅसपाशी उभे होते, आमच्याकडे तोंड करून. मागे मोदकपात्र वाफाळत होतं. चेहरा नैवेद्याच्या दिवशी असतो तसा, खूश.

“आलात? बघ, कसा घमघमाट सुटलाय.”

मला हसू आलं. माझ्या साबणाची ते थट्टा करताहेत असं मला वाटलं. “पुरे अण्णा,” मी म्हणाले.

तेही हसले. मग त्यांनी मोठा श्वास आत ओढला आणि डोळे मिटून म्हणाले, “आंबेमोहोर आहे ना. नवा तांदूळ. त्याचा वास लपत नाही.”

त्यांच्या पाठीमागे मोदकपात्राचं झाकण हळूच उचललं गेलं आणि कडेनं पांढरा फेस ओघळायला लागला. शेगडीवर पडला, चरचरला. मी बघत होते. थट्टा करणारा माणूस असा उभा राहत नाही, एवढं मात्र कळलं.

मुक्तानं टॉवेलातून हात काढला. “अण्णा,” ती अगदी सवयीच्या आवाजात म्हणाली, “मोदकाचा नाही येत. साबणाचा येतोय.”

अण्णा वळले. गॅस बंद केला. झाकण काढलं. आत एकवीस मोदक होते, त्यांच्या कळ्या अजून कुठेकुठे दिसत होत्या, आणि बाकी सगळा फेस. हाताला पाणी लावून वळले असते तर फेस येऊन पहिल्याच मोदकाला कळलं असतं. पण अण्णा तुपाचा हात लावून वळायचे. चाखायचा तर प्रश्नच नव्हता.

“हाताला फार मऊ लागत होती,” ते इतकंच म्हणाले. “मला वाटलं, आज उकड साधली.”

मी मुक्ताला खाली बसवलं. “तू अण्णांना काय काय सांगतेस गं?”

तिनं अण्णांकडे बघितलं. अण्णा खाली बघत होते.

“दूध लागलं की सांगते. डाळ लागली की सांगते. भाकरी जळली की सांगते. मी ओट्यावर बसते ना.” आणि वर, “आत्ता मी इथं नव्हते ना, म्हणून झालं.”

अण्णा रांधताना तिला ओट्यावर बसवून घ्यायचे. मला वाटायचं, नातीचे लाड.

“आणि गॅसचा वास आला तर?”

“तेपण सांगते. एकदा आला होता. तू दुकानात होतीस. बटण अर्धंच बंद झालेलं.” आणि मग तिला आठवलं. “पण ते आमचं गुपित आहे.”

मी तिला कपडे दिले, बिडकरकाकूंकडे पाठवलं आणि परत आले. अण्णा मोदकपात्र घासत होते. एकदा घासून झालं होतं, दुसऱ्यांदा घासत होते.

“कधीपासून, अण्णा?”

“सायकलवरून पडलो तेव्हापासून.”

दोन वर्षांपूर्वी भाजी मंडईत त्यांची सायकल घसरली होती. डोक्याला मागच्या बाजूला तीन टाके पडले. टाके निघाले आणि आम्ही ते विसरून गेलो.

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, डोक्याला मार लागला की जातं कधीकधी. यायचं तर सहा महिन्यांत येतं.” त्यांनी पात्र उलटं करून बघितलं. “जिभेला मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट कळतं. बाकी सगळं पुठ्ठ्यासारखं. रांधतो ते हाताच्या सवयीनं.”

“आणि आम्हाला का नाही सांगितलंत?”

“आचाऱ्यानं सांगत फिरायचं का, माझं नाक गेलं म्हणून? लोक दोन्ही अर्थानं ऐकतात ते.”

“लोकांचं राहू द्या. मला सांगायचं होतं. उद्या सकाळी सातला मी माझी पोर तुमच्या हवाली करून जाणार होते. पाच वर्षांची पोर पहाऱ्याला बसवलीत तुम्ही. ती झोपली असती तर? ती शाळेत असती आणि तुम्ही दुपारी गॅसपाशी काडी ओढली असती तर?”

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मोदकपात्र तिसऱ्यांदा घासायला घेतलं.

“सांगितलं असतं, तर तू अर्जच केला नसतास,” ते म्हणाले.

खरं होतं ते. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, जी मी कुणाला सांगितली नाही. महिन्यापूर्वी एकदा मी दुकानातून लवकर आले, तर घरभर डाळ करपल्याचा वास आणि अण्णा शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. मुक्ता खेळायला गेली होती. मी गॅस बंद केला. मनात आलं, हे असं कसं? आणि मी तो विचार तिथंच मोडून टाकला. म्हातारं माणूस आहे, डुलकी लागली असेल, असं स्वतःला समजावलं. त्याच आठवड्यात माझं मुलाखतीचं पत्र आलं होतं. अण्णांनी लपवलं, आणि मी बघायचं टाळलं. त्यांना बोलत होते त्यातलं निम्मं मी स्वतःला बोलत होते, पण त्यांना ते कळणार कसं?

“मी नाही जात,” मी म्हणाले आणि स्टुलावर बसले.

अण्णांनी देवाला दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. आम्ही दोघंही जेवलो नाही. दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. कपाटातून पत्र काढलं, परत ठेवलं, परत काढलं. भिंतीवरची यादी फाडली आणि मग तिचे तुकडे हातात घेऊन बसले. बिडकरकाकूंना विचारावं, तर त्यांचेच गुडघे धड नव्हते. हेमंतनं नोकरी सोडून यायचं म्हटलं, तर त्याला इकडे काय मिळणार होतं? बाई ठेवायची, तर ती उद्या सकाळी सातच्या आत कुठून उगवणार? विचार गोल फिरून परत तिथंच यायचा. तेरा वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट हातात होती, आणि ती मीच खाली ठेवत होते. मला अण्णांचा राग येत होता, हेमंतचा येत होता, त्या बालवाडीच्या बाईंचासुद्धा येत होता. तो साबण केलाच नसता तर मी सुखानं गेले असते, असा एक विचार आला आणि त्याची मला फार लाज वाटली.

चार वाजता हेमंतचा फोन आला. “झाली का तयारी? आंघोळीचं काय?”

“आंघोळ झाली तिची. छान झाली.” मी म्हणाले. “हेमंत, मला वाटतं, जाणं काही...”

अण्णा मागे येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

“हेमंता, मी बोलतोय. ऐक. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. आज सुनीतीनं पकडलं.”

पलीकडून हेमंत बराच वेळ काहीतरी बोलत होता. अण्णा ‘हं, हं’ करत होते.

“तुझं बरोबर आहे. चूक माझी आहे. पोरीला मध्ये घातलं, ही तर मोठीच चूक. पण त्याची शिक्षा हिला का? ... तिनं जावं का न जावं हे तू मला सांगू नकोस आणि मी तुला सांगत नाही. ते तिचं आहे. मी फक्त माझं सांगतो. उद्यापासून ती घरात नसताना मी चूल पेटवणार नाही.”

त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला. हेमंत म्हणाला, “सुनीती, म्हातारा पंधरा मिनिटांत विसरेल. आयुष्य गेलंय त्यांचं चुलीपाशी. चहाची तल्लफ आली की हात जाईलच.” मी म्हटलं, सकाळी बघते. मला खरंच माहीत नव्हतं.

पहाटे पाचला उठले. भाजी, पोळ्या, वरण-भात सगळं करून ठेवलं, थर्मासात चहा भरला. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचा थंड डबा खाल्ला नव्हता. माझं झालं तसे ते उठले, ओट्याखाली वाकले आणि खट्कन आवाज झाला. सिलेंडरवरचा रेग्युलेटर त्यांनी काढला होता. नळी सोडवली, तो पंच्याच्या तुकड्यात नीट गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

“हा पर्समध्ये घालून घेऊन जा.”

“अण्णा, गुंडाळून वर कपाटात ठेवते. तुम्ही म्हणालात ना, तेवढं पुरे.”

“हेमंत म्हणतो ते खोटं नाही. घरात राहिला तर हात जाईल. माझा माझ्या हातावर भरवसा नाही.” त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. “संध्याकाळी आलीस की लाव. तू शेजारी उभी राहा आणि फोडणी झाली की सांग. तुझी नोकरी संपली की माझी सुरू.”

मी वाकून नमस्कार करायला गेले, तर म्हणाले, “वाकू नकोस, एसटी चुकेल.”

मी रेग्युलेटर घेतला, पर्समध्ये हजर होण्याच्या पत्राशेजारी ठेवला आणि निघाले.